जीपपासून एसयूव्हीपर्यंत : मोठ्या गाडीकडे आपण कसे पाहत आलो

स्मरणिकेसाठी 'काहीतरी इतिहासावर' लिहा, असं संपादक मंडळानं सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात बहुधा मासुंदा तलाव किंवा १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर-ठाणे आगगाडी असावी. त्या विषयांवर ठाण्यात जाणकार पुष्कळ आहेत. मी मात्र रोज बाल्कनीतून जे बघतो त्याचा इतिहास लिहायचं ठरवलं. आपल्या कंपाउंडमध्ये आज उभ्या असलेल्या चारचाकींपैकी निम्म्याहून अधिक गाड्या उंच, रुंद, जीपच्या घराण्यातल्या आहेत. २००० साली संस्था नोंदवली तेव्हा अशी एकही नव्हती. पंचवीस वर्षांत हा बदल झाला आणि सर्वसाधारण सभेत पार्किंगचा विषय निघाला की आवाज चढतो तोही याच बदलामुळे. तेव्हा ही गाडी आली कुठून आणि आपण तिच्याकडे कसे बघत आलो, हे एकदा नीट मांडावं म्हटलं.

माझा संबंध थेट आहे. जिल्हा परिषदेतल्या नोकरीत मी बरीच वर्षं जीपच्या मागच्या बाकावर काढली. तेव्हा पालघर वेगळा जिल्हा झालेला नव्हता (तो १ ऑगस्ट २०१४ ला झाला) आणि जव्हार, मोखाडा हे आपल्याच ठाणे जिल्ह्याचे तालुके होते.

लढाईची गाडी

जीप जन्माला आली दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकेत. १९४१ पासून विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या कंपन्यांनी ती लाखोंनी बनवली. चारही चाकांना इंजिनची ताकद, वजन साधारण एक टन आणि लांबी साडेतीन मीटरांच्या आत. म्हणजे लांबीला ती आपल्या जुन्या मारुती ८०० च्या आसपासच होती! 'मोठी गाडी' म्हणून आज जिचं नाव घेतो तिची मूळ आई इतकी लहान होती, हे पुष्कळांना खरं वाटत नाही.

युद्धकाळात आपल्याकडे कल्याणजवळ मोठी लष्करी छावणी होती. फाळणीनंतर तिथल्या बराकींमध्ये सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं. युद्ध संपल्यावर देशभर लष्करी सामानाचे लिलाव झाले, त्यात जीपही बाजारात आल्या. सामान्य माणसाच्या मनात जीप म्हणजे मिलिटरी, ही ओळख तेव्हाची.

याच सुमारास, २ ऑक्टोबर १९४५ ला, मुंबईत 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी निघाली. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनी 'महिंद्र अँड महिंद्र' झाली. सुट्या भागांतून विलीज जीप जोडण्याचं काम तिनं माझगावला सुरू केलं. पुढे परवाना घेऊन जीप इथंच बनू लागली आणि कांदिवलीचा कारखाना नावारूपाला आला.

स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला घोटाळाही जीपचाच, हे विसरायला नको. १९४८ मध्ये लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी लष्करासाठी सुमारे ८० लाख रुपयांत २०० जीप घेण्याचा करार केला आणि त्यातल्या १५५ च आल्या. संसदेत गदारोळ झाला. १९५५ मध्ये सरकारनं प्रकरण मिटल्याचं जाहीर केलं. पुढे हेच मेनन १९५७ मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आले. सांगायचं इतकंच, की जीप, सरकार आणि वादावादी यांची संगत पहिल्यापासूनची आहे.

साहेबाची गाडी

१ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि जीप तालुक्या-तालुक्यात पोचली. मामलेदार, बीडीओ, फॉरेस्टचे रेंजर, लसीकरणाची टीम, सगळ्यांची गाडी एकच. गावात जीप शिरली की पोरं मागे धावत आणि मोठी माणसं टोपी सावरत. जीप म्हणजे सत्ता, हे समीकरण तिथं रुजलं. निवडणुकीत कर्णा लावून फिरली तीही जीपच.

पण ती सत्ता कामाची होती. पावसाळ्यात मोखाड्याच्या आतल्या पाड्यांवर जायचं म्हणजे चिखल आणि ओढे. आमच्या एका जीपला गिअरच्या शेजारी आणखी दोन लहान दांड्या होत्या. एक पुढच्या चाकांना ताकद जोडायची, दुसरी वेग कमी करून जोर वाढवायची. चिखल आला की ड्रायव्हर खाली उतरून पुढच्या चाकांचे हब हातानं फिरवून लॉक करायचा, मग दांडी टाकायचा आणि गाडी गुरगुरत वर चढायची. डांबरी रस्त्याला लागलो की पहिलं काम म्हणजे दांडी काढणं. मी एकदा विचारलं, "राहू दे की, काय बिघडतं?" तो म्हणाला, "साहेब, डांबरावर फोर व्हील ठेवली तर गाडी स्वतःशीच भांडते."

त्याचं म्हणणं शास्त्रशुद्ध होतं. वळणावर पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात. त्या जुन्या पद्धतीत पुढचा आणि मागचा आस एकमेकांना घट्ट बांधलेले असतात, त्यामुळे कुठलं तरी चाक घसरायलाच लागतं. चिखलात ते सहज घसरतं. कोरड्या डांबरावर घसरत नाही आणि मग टायर घासतात, स्टिअरिंग जड होतं, गिअरपेटीवर ताण येतो. म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह ही अडचणीच्या जागेसाठीची सोय, रोजच्या रस्त्यावर ती बंद ठेवायची, असं ज्यांनी ही गाडी बनवली त्यांनाच अभिप्रेत होतं.

वडाप आणि सुमो

त्या काळात नौपाड्यातला मध्यमवर्गीय माणूस स्वतःसाठी जीप घेईल, ही कल्पनाच हास्यास्पद होती. गोखले रस्त्यावर आणि राम मारुती रस्त्यावर सायकली, मग बजाजच्या स्कूटर आणि एखाद्या डॉक्टरांची फियाट. जीप हे गावाकडचं वाहन. कल्याणच्या पलीकडे काळी-पिवळी, पश्चिम महाराष्ट्रात वडाप. आत दहा, मागे लटकलेले चार आणि टपावर कोंबड्यांची डालगी. पुण्याच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स आली तीही त्याच कामाला लागली. 'जीपडं' हा शब्दच काय तो आदर सांगतो!

१९९४ मध्ये टाटांनी पुण्यात सुमो काढली तेव्हा चित्र पालटू लागलं. हे नाव जपानी पैलवानांवरून नाही, टेल्कोचे सुमंत मुळगावकर यांच्या नावाआडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून आहे. आपल्यापैकी बहुतेकांची मोठ्या गाडीशी पहिली ओळख भाड्याच्या सुमोतूनच झाली. सुमो करून अष्टविनायक, सुमो करून कोल्हापूर-गणपतीपुळे, सुमो करून लग्नाचं वऱ्हाड. दहा माणसांत एक गाडी, पेट्रोलपेक्षा स्वस्त डिझेल, आणि टपावर बॅगा. मोठी गाडी म्हणजे चैन, असं तेव्हा कुणाला वाटलं नाही. उलट ती काटकसर होती.

घरची गाडी

आपली संस्था नोंदवली गेली त्याच २००० साली बोलेरो आणि टोयोटाची क्वालिस बाजारात आल्या. १९९८ ची सफारी रस्त्यावर होतीच. २००२ मध्ये नाशिकच्या कारखान्यातून स्कॉर्पिओ आली आणि तिनं भाड्याची गाडी आणि घरची गाडी यांच्यातली भिंत पाडली. २००९ मध्ये फॉर्च्युनर आली. पुढच्या काही वर्षांत राजकारणी मंडळींच्या ताफ्यात ती आणि पांढरी स्कॉर्पिओ यांच्याशिवाय पान हलेना. आकड्यांतून 'दादा' वाचता येईल अशा नंबरप्लेटी, काळ्या काचा, पुढे लोखंडी दांडा. हा दांडा म्हणजे बुल बार. धडकेत पायी चालणाऱ्याला तो जास्त घातक ठरतो म्हणून केंद्र सरकारनं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना तो काढायला लावण्याचे आदेश दिले.

या बदलाचं सगळं खापर मिरवण्याच्या हौसेवर फोडलं जातं, ते मला पटत नाही. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि किती तरी लोकांनी बुडालेल्या गाड्या रस्त्यात सोडून घर गाठलं. त्यानंतर 'गाडी उंच हवी' हे वाक्य मी ठाण्यात असंख्य वेळा ऐकलं. घोडबंदर रस्त्यावरचे पावसाळ्यातले खड्डे रोज खाणाऱ्याला उंच गाडीचा मोह झाला तर त्याला काय दोष द्यायचा? शिवाय गुडघे दुखणाऱ्या माणसाला खाली वाकून मारुतीत शिरण्यापेक्षा उंच सीटवर बसणं सोपं जातं, हे मी स्वतःच्या गुडघ्यांवरून सांगतो.

सरकारी करांनीही या गाडीचा आकार घडवला. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरांच्या आतल्या आणि लहान इंजिनच्या गाड्यांचं उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्के झालं. लगेच कंपन्यांनी फूटपट्टी हातात घेतली. २०१३ ची इकोस्पोर्ट, २०१६ ची ब्रेझा, २०१७ ची रांजणगावला बनणारी नेक्सॉन, सगळ्या चार मीटरांना काही मिलिमीटर कमी. जीएसटी आल्यावर तर मोठ्या एसयूव्हीची कायदेशीर व्याख्याच झाली : लांबी चार मीटरांहून अधिक, इंजिन १५०० सीसीहून मोठं, जमिनीपासून उंची १७० मिलिमीटर किंवा जास्त. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरात २००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली, तर कंपनीनं १.९९ लिटरचं इंजिन आणलं. ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का हरित शुल्क लावून ती बंदी उठली. सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवर १८ टक्के आणि मोठ्यांवर ४० टक्के कर आहे.

तरीही ओघ थांबलेला नाही. २०२४-२५ मध्ये देशात सुमारे ४३ लाख प्रवासी गाड्या विकल्या गेल्या. त्यातल्या ६५ टक्के या 'युटिलिटी' वर्गातल्या होत्या. आणि गंमत अशी की त्यातल्या बहुतेक गाड्यांना फोर व्हील ड्राइव्ह नाहीच. दोनच चाकं ओढतात. अंगरखा जीपचा, आत साधी मोटार. म्हणजे आपण चिखलात चढण्याची ताकद विकत घेत नाही, उंची आणि दरारा विकत घेतो. २०२० च्या नव्या थारनं खरी फोर बाय फोर पुन्हा तरुणांच्या डोळ्यांत भरली, पण तीही बहुतांशी राम मारुती रस्त्यावर पार्किंग शोधतच फिरताना दिसते.

आपल्या रेषा

आता आपल्या घरात येऊ. पूर्वीची फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, साधारण ३.९ मीटर लांब आणि १.४६ मीटर रुंद होती. मारुती ८०० तर ३.३ मीटर लांब, १.४४ रुंद. आजची स्कॉर्पिओ-एन ४.६६ मीटर लांब आणि आरसे न धरता १.९२ मीटर रुंद आहे. फॉर्च्युनर ४.८० मीटर लांब आहे आणि वजनाला मारुती ८०० च्या तिप्पट.

आपल्या स्टिल्टमधले पिवळे पट्टे २००० साली आखले. प्रत्येक जागा ४.३ मीटर लांब, २.३ रुंद. समोरासमोर दोन रांगा आणि मध्ये तीन मीटरांची वाट. तेव्हा तेवढं पुरेसं होतं. फियाट उभी केली तर दोन्ही बाजूंना मिळून ८४ सेंटिमीटर उरत. स्कॉर्पिओ उभी केली तर ३८. बाजूला १९ सेंटिमीटर म्हणजे आपली वीत! दार उघडून बाहेर यायचं कसं? म्हणून प्रत्येक जण गाडी थोडी पुढे घेतो आणि नाक वाटेत येतं. समोरच्याचंही येतं. तीन मीटरांची वाट सव्वादोनवर येते.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात रात्री दीड वाजता चौथ्या मजल्यावरच्या आजोबांच्या छातीत दुखू लागलं. रुग्णवाहिका दहा मिनिटांत गेटवर आली आणि लिफ्टपर्यंत येऊ शकली नाही. दोन गाड्यांचे मालक उठवले, एकाची किल्ली सापडेना. शेवटी स्ट्रेचर गेटपासून पावसात धावत आणावा लागला. आजोबा सुखरूप आहेत, या समारंभाला पहिल्या रांगेत असतील. पण त्या रात्री मी खाली उतरून पाहिलं तेव्हा दोन्ही गाड्या आपापल्या नेमून दिलेल्या जागेत, कमिटीच्या परवानगीनं उभ्या होत्या. नियम कुणीच मोडला नव्हता. रेषा जुन्या गाड्यांसाठी होत्या आणि गाड्या नव्या होत्या, एवढंच.

म्हणूनच सभेत 'एसयूव्हीवाले' आणि 'साधे' असे दोन तट पडतात ते मला योग्य वाटत नाही. हा वाद जगभर आहे. लंडनमध्ये शहरात फिरणाऱ्या अशा गाड्यांना 'चेल्सीचे ट्रॅक्टर' म्हणून चिडवतात. पॅरिसमध्ये ४ फेब्रुवारी २०२४ ला जड गाड्यांच्या पार्किंगवर चक्क मतदान झालं. ५४ टक्क्यांहून अधिक मतं दरवाढीच्या बाजूनं पडली आणि त्याच ऑक्टोबरपासून शहराच्या मध्यभागी बाहेरच्या जड गाड्यांना तासाला १८ युरो, म्हणजे तिप्पट दर लागू झाला. पण मतदानाला सहा टक्केसुद्धा मतदार आले नव्हते, आणि त्या भागात राहणाऱ्यांना दरवाढीतून सूट दिली होती. आपल्याला शेजाऱ्याला सूट देऊन चालणार नाही, कारण आपल्याकडे गाडीही शेजाऱ्याची आणि वाटही शेजाऱ्याची.

मुलांची गोष्ट मात्र मी ठासून सांगणार आहे. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षेच्या विमा संस्थेनं २०२३ मध्ये जवळपास १८ हजार अपघात तपासले. ज्या गाड्यांचं बॉनेट ४० इंचांहून, म्हणजे सुमारे एक मीटरहून उंच, त्यांच्या धडकेत पायी माणूस मरण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त निघाली. बुटकी गाडी पायांवर आदळते, उंच गाडी छातीवर आणि डोक्यावर. आणि तीन वर्षांचं मूल साधारण तेवढ्याच उंचीचं असतं. ते बॉनेटच्या पुढे उभं राहिलं तर चालवणाऱ्याला दिसतही नाही. आपल्या कंपाउंडमध्ये संध्याकाळी सहा ते आठ मुलं लपंडाव खेळतात आणि लपतात ती गाड्यांच्या आडच.

उपाय काय? बंदी घालण्याचा अधिकार आपल्याला नाही आणि ती इच्छाही नसावी. बिल्डरला स्टिल्ट पार्किंग गॅरेज म्हणून वेगळं विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१० मध्ये दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या प्रकरणात दिला. म्हणजे ती जागा आपल्या सर्वांची आहे आणि तिची वाटणी करणं हे आपलंच काम आहे. येत्या सर्वसाधारण सभेत मी चार सूचना मांडणार आहे.

एक, पट्टे नव्यानं आखावेत. राज्याच्या सध्याच्या बांधकाम नियमांत मोटारीच्या जागेचं माप २.५ गुणिले ५ मीटर आहे. सगळ्या जागा तेवढ्या होणार नाहीत, पण गेटजवळच्या चार नक्की होतील. चार मीटरांवरच्या गाड्या तिथं, त्याहून जास्त असल्या तर दरवर्षी सोडत. दोन, मधल्या वाटेच्या दोन्ही कडांना लाल रेषा, तिच्यावर कुणाचंही नाक येता कामा नये, मग गाडी मोठी असो की छोटी. तीन, नवी गाडी घेण्याआधी सभासदानं लांबी-रुंदी कमिटीला कळवावी. परवानगी मागण्यासाठी नव्हे, जागा बघण्यासाठी. चार, संध्याकाळच्या त्या दोन तासांत गाडी मागे घेताना घरातलं कुणीतरी खाली उभं राहावं.

यातल्या दुसऱ्या सूचनेमुळे निदान एका सभासदाला गाडी बाहेर ठेवावी लागेल, हे मला माहीत आहे. नौपाड्यात सम-विषम तारखा सांभाळत रस्त्यावर गाडी लावणं किती जिकिरीचं आहे तेही माहीत आहे. म्हणून त्या सभासदाला बाहेरच्या पार्किंगचा खर्च निम्मा संस्थेनं द्यावा असंही मी सुचवणार आहे. माझ्याकडे गाडी नाही, पण तो वर्गणीतला वाटा मी आनंदानं देईन.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस टी. चंद्रशेखर आयुक्त असताना ठाण्यातले रस्ते रुंद झाले, तेव्हा कित्येकांची दुकानांची पायरी गेली, ओटे गेले. तेव्हाही तक्रारी झाल्या होत्या. आज त्याच रस्त्यांवरून आपण जातो. आपल्या संस्थेला मधली तीन मीटरांची वाट परत मिळवायची आहे, तिच्यासाठी कुणाची पायरी पाडावी लागणार नाही. रंगाचे दोन डबे, एक रविवार आणि सभेत बहुमत एवढं लागेल. रंग काढायला मी येणार आहे. आणखी चार जण हवेत.

सर्व सभासदांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.